नोट्सची चिकित्सक आवृत्ती

बी.ए.ला मराठी घेणारी मुलं पुस्तकं वाचतात, असा एक गैरसमज समाजात आहे. बहुतेक त्यांच्या आईवडिलांनीच तो पसरवला असावा. मुलं वाचतात त्या नोट्स. कादंबरी ही त्या नोट्सना काहीतरी आधार असावा म्हणून कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली असते. ती ग्रंथालयात असते, ग्रंथालय चारला बंद होतं, आणि मुलांना जाग येते ती परीक्षेच्या आदल्या रात्री अकराला.

मराठी शिकवण्याच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले आहेत, त्यामुळे नोट्स या वाङ्मयप्रकाराबद्दल मला थोडं अधिकारवाणीने बोलता येईल. मराठी गद्यात याच्याइतका खपणारा दुसरा प्रकार नाही. त्यावर कुणी पीएच.डी. केल्याचं ऐकलं नाही. त्याच्या जोरावर मात्र पुष्कळांनी केली आहे.

आमच्या वेळी नोट्स ही दडवून ठेवायची वस्तू होती. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीकडे वही मागितली तर ती नेमकी मावशीकडे राहिलेली असायची. या मावशीचं घर आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. सरांच्या नोट्स पिवळ्या पडलेल्या कागदांवर असत. सर त्या वर्गात सांगत, आम्ही उतरवून घेत असू, घंटा झाली की सर स्वल्पविरामावर थांबत आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्वल्पविरामापासून पुढे निघत. कागदाचा गठ्ठा मात्र कुणाच्या हाती लागू देत नसत. याला आपल्याकडे परंपरा आहे म्हणा. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना त्यातलं अक्षर लागत नव्हतं. आमच्या एका सरांचं फळ्यावरचं अक्षर याच घराण्यातलं होतं. राजवाडे तेव्हा हयात नव्हते.

मग झेरॉक्सवाला आला आणि ज्ञानाची दारं पानाला पन्नास पैसे दराने उघडली. कॉलेजच्या फाटकासमोरच्या त्या टपरीत सगळा अभ्यासक्रम खोक्यांमध्ये रचलेला असे. "टी.वाय. स्पेशल थ्री द्या," म्हटलं की तो विचारायचा, "जुना सिलॅबस की नवीन?" आणि आपण घुटमळलो तर, "नवीन घ्या, जुना मार्चपासून बंद झाला," हेही तोच सांगायचा. अभ्यास मंडळाच्या सदस्यांना जे पत्राने कळायचं ते त्याला आधी कळलेलं असायचं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात असंच एक दुकान होतं, रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली त्याच्यावर दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी नाद सोडून दिला. मराठीच्या झेरॉक्सवर कुणी प्रकाशकाने दावा लावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. याला मनाचा मोठेपणा म्हणायला हरकत नाही. पण माझा अंदाज असा की नुकसानभरपाई मागायची तर एरवी किती प्रती खपतात हे कोर्टात शपथेवर सांगावं लागतं.

आणि आता एका मुलीची गोष्ट. तिचं नाव सांगत नाही, कारण तिच्या परीक्षा अजून व्हायच्या आहेत आणि पेपर फिरत फिरत माझ्याकडेही येऊ शकतात. पिंपरी-चिंचवडकडची, मराठी स्पेशल. एस.वाय.ला असताना तिने अभ्यासक्रमातल्या पुस्तकांवर निबंध लिहायला सुरुवात केली. बसमध्ये जागा मिळाली की टाइप करायचं आणि उभं राहावं लागलं तर फोनशी बोलून लिहायचं. शेजारचे प्रवासी तिला भांडखोर समजत, कारण ती 'नायकाचा परात्मभाव' वगैरे शब्द फोनवर तीन-तीनदा ओरडून सांगे. झालेले निबंध तिने ड्राइव्हवर टाकले आणि लिंक वर्गाच्या ग्रुपवर दिली. वर्गाने ती चुलतबहिणींना दिली. चुलतबहिणी हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत वेगवान जाळं आहे. सत्र संपेपर्यंत ते निबंध गडहिंग्लजपासून गडचिरोलीपर्यंत पोचले होते.

घरच्यांना याचा अर्थ लागेना. बाबांनी विचारलं, "महिन्याचे किती मिळतात?" काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग तुला सांगितलंय कुणी?" काकूंचं म्हणणं याहून मुद्देसूद होतं. फुकट देतेय म्हणजे त्यात काहीतरी चूक असणारच. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. काकूंना साहित्यातलं काही कळत नाही असा घरात समज आहे.)

तिने हे का केलं, ते मीही विचारलं. मला वाटलं आता ज्ञानदान, समाजऋण वगैरे ऐकावं लागणार. ती म्हणाली, "सर, मला एफ.वाय.ला कुणी दिल्या नव्हत्या." एवढंच. इतका परोपकारी सूड मी आयुष्यात पाहिलेला नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाचा विद्यार्थी होता. त्याने १९७१ सालच्या चार जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर स्वतः टाइप करून वाटायला ठेवला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे फुकट पुस्तकांचं प्रचंड भांडार उभं राहिलं. हार्टला कुणी 'दादा, जाहीरनामा जरा पाच मार्कांपुरता करून द्या ना' असं लिहिलं होतं का, हे मला कळून घ्यायला आवडेल. हिला रोज कुणीतरी लिहितं.

फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल आपल्या लोकांच्या तक्रारी फार कडक असतात. विकत घेतलेल्या गाईडमध्ये पन्नास पानं उलटी लागली तरी मुलगा गाईड उलटं धरून वाचतो. पण ताईच्या नोट्स? "ताई, दहा मार्कांना दोन पानं कमी वाटतात." "ताई, उद्या पेपर आहे, युनिट चार अजून आलं नाही, हे बरोबर नाही." "ताई, टाइप केलेलं नको, हाताने लिहून फोटो टाका, म्हणजे बघून लिहिताना सोपं जातं." कुणाला ग्रेसांवरचा निबंध सोप्या भाषेत हवा होता, जे ग्रेसांनाही जमलं नसतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एकाने आडवाटेने लिंकवर येऊन शारीरिक चाचणीच्या नोट्स मागितल्या. एक गृहस्थ तिला 'मॅडम' म्हणत आणि सेट-नेटबद्दल मार्गदर्शन विचारत. ते स्वतः एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तिने त्यांना "सर, मी टी.वाय.ला आहे" असं कळवलं, तेव्हा त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं, "असू द्या मॅडम, आपलं वाचन दांडगं आहे."

ते खरंच दांडगं होतं. हा मजकूर विनोदी असला तरी हे सांगितलं पाहिजे, की ती मुलगी पुस्तकं वाचून लिहीत होती. वर्गात हा प्रकार दुर्मीळ आहे. तिचा 'बनगरवाडी'वरचा निबंध मी नंतर शोधून वाचला. १९५५ सालची ही व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी कुठल्या ना कुठल्या अभ्यासक्रमात अधूनमधून येतच असते, आणि दर वेळी मुलं 'ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण' या चार शब्दांत तिची बोळवण करतात. हिने धनगरांची माणसं, मेंढरं, कारभाऱ्याचा तो करारीपणा आणि हळवेपणा, दुष्काळात गाव रिकामं होत जातं ती पानं, असं सगळं नीट पाहून लिहिलं होतं. 'विदारक' हा शब्द संपूर्ण निबंधात एकदाही नव्हता. मला गहिवरून आलं. एकच ठेच लागली.

कादंबरीतला तरुण मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो आणि ती पाहायला औंधचे राजे येतात. हे औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातलं. पंतप्रतिनिधींचं संस्थान. त्या काळी गादीवर होते भवानराव, सूर्यनमस्काराचे प्रचारक, स्वतः चित्रं काढणारे, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देऊन मोकळे झालेले. माडगूळकरांचं माडगूळं याच संस्थानात. आमची मुलगी रोज कॉलेजला येताना औंधला बस बदलायची. तिने लिहिलं, 'पुण्याजवळील औंध येथील राजे बनगरवाडीत आले.' म्हणजे महाराज परिहार चौकातून निघून माणदेशात गेले. त्या काळी चौकात सिग्नल नव्हता, वेळेत पोचले असतील.

चूक तशी मामुली. पण तिच्यामुळे माझ्या आयुष्यात एक शास्त्र आलं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. त्यासाठी बाराशेच्या वर हस्तलिखितं जमवण्यात आली. वि. स. सुखटणकरांसारखे विद्वान त्यात आयुष्यभर बुडून राहिले. पाठचिकित्सेतला एक मूलमंत्र असा, की दोन पोथ्यांचं नातं ओळखायचं ते त्यांच्या चुकांवरून. बरोबर मजकूर कुणाचाही सारखाच असतो. चूक मात्र वंशपरंपरेने येते. हे आम्ही एम.ए.ला दहा मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्याचा उपयोग ट्यूटोरियल तपासताना होईल असं सुखटणकरांनाही वाटलं नसेल.

गठ्ठा उघडला तर पहिल्या कागदात महाराज पुण्याजवळील औंधहून आले. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही तिथूनच. चौथ्यात कुणाचा तरी अनुस्वार राहिला आणि महाराज 'पुण्याजवळील औध' येथून निघाले. पुढे ज्या मुलाने या औधवरून उतरवलं, त्याला शुद्धलेखनाची चाड असावी. त्याने ते सुधारून 'अवध' केलं. अवध पुण्याजवळ नाही हे त्याच्या पुढच्याला ठाऊक होतं (इतिहास हा त्याचा दुसरा विषय), म्हणून त्याने 'पुण्याजवळील' काढून टाकून कंसात 'लखनौ' घातलं. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. लखनौला राजे नसतात, नवाब असतात. शेवटच्या पिढीत अवधचे नवाब बनगरवाडीत तालीम पाहायला आले, आणि नवाब एवढ्या लांबून आले आहेत म्हटल्यावर तालीम कुस्तीची कशाला असेल, या सद्‌हेतूने एका मुलीने 'नृत्य-गायनाची तालीम' असा खुलासा जोडला. माणदेशातल्या त्या रखरखीत माळावर ठुमरी सुरू झाली.

या सगळ्या कागदांची मी वंशावळ काढली. मोठ्या तक्त्यावर, फांद्या पाडून. मूळ शाखा पुणेरी. अनुस्वारहीन शाखा, ती बहुतेक शेवटच्या बाकांवर लिहिली गेली असावी. आणि लखनवी शाखा, तिच्यात दोन उपशाखा, सठुमरी आणि निठुमरी. घरी सगळे म्हणाले, मार्क देऊन मोकळे व्हा. घरच्यांना शास्त्राची कदर नसते.

या अभ्यासात प्रक्षेपांचाही वेगळा भाग करावा लागला. निबंध उतरवून घेणाऱ्याला शेवटी स्वतःचं काहीतरी घालावंसं वाटतंच. ते बहुतेक करून 'असे पु. ल. म्हणतात' किंवा 'वपुंनी म्हटल्याप्रमाणे' या शब्दांनी सुरू होतं आणि पुढे फोनवर सकाळी सहाला आलेलं काहीतरी असतं. एका विद्वानाने दोन फायली शेजारी उघड्या ठेवून लिहिलं असणार, कारण त्याच्या 'रणांगण'मध्ये हॅर्टाचा निरोप घेऊन चक्रधर विध्वंस मुंबईला बोटीतून उतरतो आणि थेट ऋद्धपूरला जातो. आणखी एकाने उत्तराच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून सुवाच्य अक्षरात 'कॅमस्कॅनर' असं लिहिलं होतं. मूळ प्रतीत जे होतं ते त्याने सोडलं नाही. लेखनिक असावा तर असा.

पैठणला १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला, कारण तीनशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांनी तिच्यात बराच घोळ करून ठेवला होता. काम संपल्यावर, यात कुणी पदरची ओवी घालू नये, असा सज्जड दमही त्यांनी देऊन ठेवला. अंगावर थुंकणाऱ्यालाही न रागावणारे नाथ शांतिब्रह्म म्हणून ओळखले जातात. नकलून घेणाऱ्यांनी मात्र त्यांचीही परीक्षा पाहिलेली दिसते.

चूक मुलांपुरती राहिली असती तर मी तक्ता गुंडाळून ठेवला असता. पण एके दिवशी शेजारच्या वर्गातून 'पुण्याजवळील औंध' असा खणखणीत उच्चार ऐकू आला. आवाज विद्यार्थ्याचा नव्हता. स्टाफरूममध्ये चहा घेताना मी विषय काढला. "मॅडम, ते सातारा जिल्ह्यातलं औंध हो." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, नेटवर सगळीकडे पुण्याचंच आहे." बहुसंख्य पोथ्यांचा पाठ तोच खरा मानू नये, असं पाठचिकित्सेत शिकवतात. पण चहा निवत होता आणि मॅडम विभागप्रमुख आहेत.

कॉलेजने मग साम्य शोधणारं यंत्र आणलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले आहेत. त्यात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं तर संशोधकाची नोंदणीच रद्द. नियम प्रबंधांसारख्या कामांसाठी, पण यंत्र घेतलंच आहे तर ट्यूटोरियलही घालून बघा, असं ठरलं. मुलांना हे दुपारी कळलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तोड काढली. प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द घालायचा. मेंढरांचे 'लोकर देणारे प्राणी' झाले. मास्तर 'अध्यापक' झाला, दुष्काळ 'पर्जन्याभाव' झाला, आणि एका कागदावर मला लेखकाचं नाव 'बालाजी माडगूळकर' असं आढळलं. यंत्राने पुणेरी शाखेला चोर ठरवलं. लखनवी शाखेत मात्र साम्य जवळजवळ शून्य. नवाब, ठुमरी आणि माणदेश हे एकत्र जगात दुसरं कुठेच नव्हतं. प्राचार्यांनी ठुमरीवाल्या मुलीचं स्वतंत्र विचारांबद्दल कौतुक केलं.

हल्ली तर यंत्रच निबंध लिहून देतं, आणि तिथे आम्हा वंशावळकारांचं दुकान बसलं. त्या निबंधांत चुका असतात, पण दर निबंधाची चूक वेगळी, ताजी, निपुत्रिक. एकाची बनगरवाडी समुद्रकिनारी असते, दुसऱ्याचा मास्तर शेवटी तहसीलदार होतो. कुणाचं कुणाशी नातं म्हणून लागत नाही. पूर्वी कागद हातात घेतला की हा कुणाच्या शेजारी बसला होता, त्याची चुलतबहीण कुठल्या कॉलेजात आहे, हे सांगता यायचं. चोरीमध्येही काही घरोबा होता.

मूळ नोट्स लिहिणाऱ्या त्या मुलीला शेवटी मीच औंधबद्दल सांगितलं. तिला ते इतकं लागलं की सुट्टीत ती खरंच औंधला गेली. यमाईचं दर्शन घेतलं, भवानरावांनी उभारलेलं संग्रहालय पाहून आली आणि रात्री बसूनच फाईल दुरुस्त केली. मला फोन केला, "सर, बदललंय. आणि खाली सगळ्यांसाठी खुलासाही टाकलाय." फुकट वाटलेल्या मजकुराचीही जबाबदारी घेणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत, पैसे घेऊन वाटलेल्याची तर त्याहून कमी.

पुढच्या सत्रातला गठ्ठा मी उत्सुकतेने उघडला. औंध सगळ्यांच्या कागदांत सातारा जिल्ह्यात गेलं होतं. महाराज योग्य गावाहून निघाले, योग्य गावी पोचले, तालीम पाहिली. आणि त्याच्या लगेच खाली, नवा परिच्छेद पाडून, सगळ्यांनी निळ्या शाईत लिहिलं होतं: 'मित्रमैत्रिणींनो, मागच्या वर्षी मी इथे पुण्याजवळील औंध असं लिहिलं होतं. ती माझी चूक होती. ज्यांचे मार्क गेले त्या सर्वांची मी मनापासून माफी मागते.'

मुलग्यांनीही 'मागते' असंच लिहिलं होतं. एकाने तेवढं 'मागतो' केलं होतं. त्याला मी अर्धा मार्क जास्त दिला.